घरच्या विजेचा बोजा आणि त्याची वाटणी



या वासंतिक व्याख्यानमालेचे चालक आमच्याकडे विषय विचारावयास आले, तेव्हा कामगार कायद्यावर किंवा कापसाच्या जिनिंगमधील मजुरांच्या स्थितीवर आम्ही बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही म्हटले, ‘आम्ही घरातल्या विजेच्या बोर्डावर बोलणार.’ ते हसले. तो विषय वायरमनचा आहे, व्याख्यानमालेचा नव्हे, असे त्यांना वाटले असावे. परंतु आमची तीस वर्षे कामगार संघटनेत गेली, आणि त्याआधीची पाच वर्षे एका वायरमनच्या हाताखाली पक्कड व पाने देण्यात गेली. शाळा आम्ही दहावीच्या अलीकडेच सोडली. पुढचे जे काही शिकलो ते हातातल्या कामाने आणि अकोल्याच्या वाचनालयाने शिकवले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. ज्या वस्तूवर आपल्या सर्वांचा जीव चोवीस तास टांगलेला असतो आणि जिचे झाकण आपल्यापैकी बहुतेकांनी कधी उघडून पाहिलेले नसते, तिची चार शब्दांत ओळख करून द्यावी, एवढाच हेतू आहे.

प्रथम एक हकिकत सांगतो. ती आमच्याच घरची आहे आणि तिच्यातला दोषही आमचाच आहे.

साल १९८८. आम्ही अकोल्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो. वडील गिरणीत कामाला, आई, धाकटा भाऊ आणि आम्ही. वय सतरा, नुकतेच वायरमनच्या हाताखाली लागलो होतो आणि विजेतले सर्व कळते अशी घमेंड अंगात होती. त्या वर्षी वडिलांनी जुना लोखंडी कूलर घेतला. आईने शेजारपाजारचे कपडे इस्त्री करून देण्याचे काम धरले होते. पुढे एक जुनी पाण्याची मोटरही आली. घरात तार होती ती जुनी, लाकडी पट्टीतून गेलेली, दोन दिवे आणि एक पंखा यांच्यासाठी घातलेली. मे महिन्यात किटकॅटमधला फ्यूज दिवसातून तीनतीनदा उडू लागला. घरमालक म्हणाले, ‘काहून बे पोट्ट्या, तू तर वायरमन झाला न? जाडी तार टाक न बाप्पा, म्हणजे कटकटच मिटते.’

आम्ही जाड तार टाकली. मोटरीच्या वायरीतले पाचसहा तांब्याचे पदर एकत्र पिळले आणि किटकॅटमध्ये बसवले. फ्यूज उडायचा थांबला. सगळ्यांनी शाबासकी दिली. आठव्या रात्री लाकडी पट्टीने आतून पेट घेतला. धाकटा भाऊ भिंतीलगत झोपला होता. त्याला ओढून काढताना वरची जळती पट्टी आईच्या उजव्या हातावर पडली. भाऊ वाचला. आईची तीन बोटे मात्र पुन्हा कधी पूर्ण मिटली नाहीत, आणि इस्त्रीचे काम सुटले ते सुटलेच. इस्पितळात तिने आम्हांला एकच विचारले: ‘जाडी तार टाकली होती न तू?’ रागाने नव्हे, नुसते विचारले. या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देता यावे म्हणून आम्ही वाचू लागलो. आजचे भाषण हे त्याच उत्तराचा एक भाग समजावे.

तो फ्यूज काय सांगत होता? तो सांगत होता की या तारेवर तिच्या शक्तीबाहेरचा बोजा पडतो आहे. आम्ही बोजा कमी केला नाही. सांगणाऱ्याचे तोंड बंद केले.

आता फ्यूज गेले आणि त्यांच्या जागी एमसीबी आल्या. ही लहानशी कळ १९२४ साली जर्मनीतील मानहाइम गावी ह्यूगो श्टोट्स यांच्या कारखान्यात जन्मली. तिच्या पोटात दोन पहारेकरी असतात. एक म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. प्रवाह जास्त वाहिला की ती तापते, वाकते आणि कळ पाडते. हा पहारेकरी सावकाश चालतो. दुसरा म्हणजे तारेचे वेटोळे. दोन तारा एकमेकींस चिकटल्या आणि शेकडो अँपियरचा लोंढा आला की त्या वेटोळ्यात चुंबकशक्ती येते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास कळ पडते. पहिला पहारेकरी अतिबोजासाठी, दुसरा शॉर्टसर्किटसाठी.

पहिल्याचा सावकाशपणा किती, तेही ऐकण्यासारखे आहे. १६ अँपियरची एमसीबी १८ अँपियर प्रवाह तासभर निमूटपणे सोसते. सुमारे २३ अँपियर झाले तरी तिला पडण्यास तासाभराची मुभा असते. मोटर सुरू होताना क्षणभर जो दुप्पटतिप्पट किंवा त्याहूनही मोठा झटका बसतो, तेवढ्याने घर अंधारात जाऊ नये म्हणून ही मुभा आहे. परंतु त्याचाच दुसरा अर्थ असा की, एमसीबी वरचेवर पडत असेल तर ती उतावळी नाही. तिने बराच वेळ सोसलेले आहे.

मग ही कळ कोणाचे रक्षण करते? हा प्रश्न आम्ही पुष्कळांना विचारला. कोणी म्हणतो फ्रिजचे, कोणी म्हणतो माणसाचे. दोन्ही उत्तरे चूक. ती भिंतीतल्या तारेचे रक्षण करते. म्हणून नियम असा: उपकरणांचा प्रवाह एमसीबीच्या आकड्याहून कमी हवा, आणि एमसीबीचा आकडा तारेच्या शक्तीहून कमी हवा. बोजा, कळ आणि तार या तीन पायऱ्या आहेत, आणि त्यांचा क्रम उलटला की घर जळते. साधारण वहिवाट अशी की १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेवर ६ अँपियर, दीड चौरस मिलिमीटरवर १०, अडीचवर १६ आणि चारवर २० किंवा फार तर २५. तारा नळीत किती दाटल्या आहेत आणि भिंत किती तापते यावर हे आकडे खाली येतात. वर कधीच जात नाहीत.

बोजा मोजणे तर अगदी सोपे आहे. आपल्या घरी वीज २३० व्होल्टची येते. उपकरणावर लिहिलेल्या वॅटना २३० ने भागा म्हणजे अँपियर मिळतात. हजार वॅटची इस्त्री म्हणजे सुमारे साडेचार अँपियर. दोन हजार वॅटचा गीझर किंवा इंडक्शन शेगडी म्हणजे पावणेनऊ. तीन हजार वॅटचा झटपट गीझर म्हणजे तेरा. दीड टनाचा एसी सात-आठ अँपियर घेतो. अर्ध्या अश्वशक्तीची पाण्याची मोटर तीन-चार घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. आणि आपल्या वऱ्हाडचा कूलर? तो दीडदोनशे वॅटचा, म्हणजे एक अँपियरसुद्धा नाही. कूलरचे हे लक्षात ठेवावे. त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता वाटणीकडे येऊ. समजा, अमरावतीत एक तीन खोल्यांचे घर आहे. एक एसी, एक गीझर, स्वयंपाकघर, पाण्याची मोटर, आणि बाकी दिवे-पंखे. बोर्डात सर्वांत आधी दोन पोलचा मेन, ४० अँपियरचा. त्याला लागून आरसीसीबी. मग एमसीबींची रांग, आणि त्या सर्वांना खालून जोडणारी तांब्याची पट्टी. मेनपासून सुरुवात करून पहिली एसीची २० अँपियर, दुसरी गीझरची २०, या दोघांना चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार. तिसरी आणि चौथी स्वयंपाकघराच्या मोठ्या सॉकेटांची, १६-१६, तार अडीचची. पाचवी मोटरीची १०. शेवटी दिवे-पंख्यांच्या दोन, ६-६ अँपियरच्या.

जड कळा मेनच्या जवळ का? पट्टीतून जाणारा मोठा प्रवाह जितका कमी अंतर जाईल, तितकी पट्टी आणि तिचे सांधे कमी तापतात. बैलगाडीत पोती भरणारा माणूस जड पोती आखाजवळ ठेवतो, तसेच हे. दिव्यांच्या दोन वाटण्या का? एक कळ पडली तरी अर्धे घर उजेडात राहावे म्हणून. अंधारात बोर्ड चाचपडणारा माणूसच अपघात करतो. आणि दिव्यांच्या एका वाटणीवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा आठशे वॅटपेक्षा जास्त बोजा नको, हा जुना नियम आजही शहाणपणाचा आहे.

कोणी हिशेबी गृहस्थ विचारतील, या सर्व एमसीबींची बेरीज ९४ होते आणि मेन तर ४० चा, हे कसे? घरात ताटे वीस असतात म्हणून रोज वीस माणसे जेवावयास बसत नाहीत. मे महिन्याच्या संध्याकाळी एसीचे आठ, मोटरीचे चार, मिक्सरचे तीन, आणि फ्रिज, कूलर, दिवे-पंखे मिळून चार, असे एकोणीस अँपियर होतात. मेनला पुष्कळ सवड आहे. ज्यांच्याकडे तिन्ही फेजची वीज आहे त्यांनी मात्र जड बोजे तिन्हींवर सारखे वाटले आहेत की नाहीत, हे जरूर पाहून घ्यावे. एका फेजवर सगळे आणि दोन फेज रिकामे, असे बोर्ड आम्ही चांगल्या बंगल्यांत पाहिले आहेत.

येथवरचे कोणत्याही पुस्तकात सापडेल. आता वऱ्हाडची गोष्ट. एमसीबीवर जो आकडा लिहिलेला असतो तो ३० अंश तपमान धरून लिहिलेला असतो. अकोल्याचा आणि अमरावतीचा मे महिना आपण जाणताच. बाहेर पंचेचाळीस अंश असतात आणि पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या डब्यात, त्याहूनही अधिक. आतली धातूची पट्टी आधीच तापून अर्धी वाकलेली असते. शेजारच्या दोन कळा दिवसभर जड प्रवाह वाहत असतील तर त्याही तिला तापवतात. मग १६ ची कळ सोळाच्या बऱ्याच अलीकडे पडू लागते. गृहस्थ चिडतो, दुकानात जातो आणि ३२ ची घेऊन येतो. तार मात्र तीच अडीचची. आमच्या सतराव्या वर्षीची ती जाड तारच नव्या रूपाने त्या घरात शिरली, असे समजा.

खरा उपाय काय? बोर्ड सावलीच्या, वाऱ्याच्या भिंतीवर न्यावा. जड कळा शेजारीशेजारी असतील तर मध्ये हलकी कळ घालावी, किंवा एक घर रिकामे सोडावे. आपण म्हणाल, मघाशी तर एसी आणि गीझर शेजारी बसवले! बसवले, आणि जाणूनबुजून बसवले. आपल्याकडे एसी उन्हाळ्याचा पाहुणा आणि गीझर हिवाळ्याचा. एक कामावर असतो तेव्हा दुसरा रजेवर असतो. त्यांची ऊब एकमेकांस लागत नाही. परंतु घरात दोन एसी असतील तर त्यांच्या कळा कधीही खेटून बसवू नयेत. मध्ये मोटरीची किंवा दिव्यांची घालावी. वाटणी नुसत्या आकड्यांवरून करू नये. कोण कोणत्या ऋतूत, किती तास राबतो, ते पाहून करावी. पाळ्या लावणाऱ्या कोणत्याही जाणत्या मुकादमाला हे सांगावे लागत नाही.

आणि स्क्रू. तेरा अँपियरच्या गीझरचा एक स्क्रू ढिला राहिला आणि सांध्यात एका ओहमच्या दहाव्या भागाएवढा अडथळा आला, तर तेथे सतरा वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या लहान सोल्डरिंगची उष्णता जवळजवळ एवढीच असते. तेव्हा ढिला स्क्रू म्हणजे प्लास्टिकच्या डब्यात सोल्डरिंग चालू ठेवून बाहेरगावी जाण्यासारखे आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी, मेन बंद करून, जाणत्या माणसाकडून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्यावेत.

आता कूलरकडे येतो. बोज्याच्या यादीत तो सर्वांत हलका. परंतु विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे मरतात ती याच्यापायी. लोखंडी टाकी, पाणी, ओले गवत आणि त्यात बुडालेली मोटर. मोटरीचे आवरण फुटले की सारी टाकी जिवंत होते, आणि पाणी भरावयास गेलेली बाई किंवा लेकरू तिला चिकटते. अशा वेळी एमसीबी काय करते? काही नाही. माणसाच्या जिवाला तीस मिलिअँपियरच्या वर धोका मानतात. म्हणजे एका अँपियरचे शंभरातले तीन भाग. बोर्डातली लहानात लहान ६ अँपियरची कळ त्याच्या दोनशे पट आहे. माणूस मरून जाईल आणि त्या कळेला कळणारही नाही. तेथे कामाला येते ती आरसीसीबी. जितकी वीज फेजवरून गेली तितकी न्यूट्रलवरून परत आली का, हा हिशेब ती सतत तपासते. तीस मिलिअँपियरचा फरक पडला की क्षणात तोडते. आरंभीच्या अशा नाजूक यंत्रांपैकी एक १९५५ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत तयार झाले, तेथल्या सोन्याच्या खाणींत विजेने माणसे मरत होती म्हणून. खाणीतल्या मजुराच्या मरणातून आलेली ही वस्तू आज आपल्या घरातल्या लेकरांना वाचवते, हे विसरू नये. तिच्यावर एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून ती पडते की नाही ते पाहावे. पडली नाही तर बदलावी. आणि अर्थिंगवाचून कूलर लावूच नये. पाणी भरताना प्लग काढावा.

बंधुभगिनींनो, आता थोडे आमच्या धंद्याचे बोलण्याची परवानगी असावी. बोर्ड असे बिघडलेले का असतात? वायरमन अडाणी म्हणून? काही असतील. परंतु मुख्य कारण दुसरे आहे. आपल्याकडे वायरिंगची मजुरी पॉइंटच्या भावाने ठरते. दिवा लागला, पंखा फिरला की पॉइंट झाला. गीझरला मेनपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तार ओढली तरी पॉइंट एकच, आणि जवळच्या सॉकेटमधून जोड काढून दिला तरी एकच. भावात घासाघीस करणाऱ्या घरमालकाला बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. जो प्रामाणिक तार ओढतो तो तोट्यात जातो, आणि जो जोड मारतो त्याला पुढचे काम मिळते. कायद्याने हे काम परवानाधारक ठेकेदाराचे आणि परवानाधारक माणसाचे आहे. आयटीआयमध्ये तारतंत्री दोन वर्षे शिकून बाहेर पडतो. मग रोजंदारीवर कोणाच्या तरी परवान्याखाली राबतो, आणि आग लागली की पहिले बोट त्याच्याकडे जाते. आम्ही त्यांच्या बैठकांतून सांगतो की, मजुरी पॉइंटवर नको, वाटणीवर मागा; किती स्वतंत्र वाटण्या केल्या त्यावर. घरमालकांनी हे मान्य केले तर खर्च थोडा वाढेल, हे आम्ही लपवत नाही. घर एकदाच बांधायचे असते आणि तार पंचवीस वर्षे भिंतीत राहते, एवढेच म्हणतो.

बोज्याला मर्यादा असते, हे समाजाला सहज पटत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची एक सुट्टी मागितली तेव्हा ती मिळावयास १८९० साल उजाडले. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा कारखान्यांच्या कायद्यात १९४८ साली आली. ‘आता पुरे’ म्हणणारा प्रत्येक वेळी आडमुठा ठरला. बोर्डातली पडणारी कळही आपल्याला आडमुठीच वाटते. तिला शिव्या देण्यापूर्वी ती काय सांगते आहे ते ऐकावे, एवढीच विनंती.

जाताना चार कामे देतो. यांना परवाना लागत नाही. घरी गेल्यावर बोर्डाचे झाकण उघडा आणि प्रत्येक एमसीबीवरचा आकडा कागदावर उतरवा. एकेक पाडून पाहा की तिच्यावर घरातले काय काय चालते, आणि ते मराठीत लिहून कळेखाली चिकटवा; घरातल्या बाईला आणि दहा वर्षांच्या मुलाला वाचता येईल असे. आरसीसीबी आहे का पाहा, आणि असल्यास बटण दाबा. चौथे, कळ वरचेवर पडत असेल तर मोठी कळ आणू नका. बोजा दुसरीकडे न्या किंवा परवानाधारक माणसाला बोलावून नवी तार ओढा. बाकी आतले काम स्वतः करू नका. आम्ही सतराव्या वर्षी केले होते.

आई आता नाही. शेवटच्या वर्षांत आम्ही तिच्या घरी नवा बोर्ड बसवला, तेव्हा तिने त्या न मिटणाऱ्या बोटांनी एकेक कळ वरखाली करून पाहिली आणि विचारले, ‘ह्यात जाडी तार तर नाही न?’ आम्ही म्हटले, ‘नाही माय.’ आपल्या घरी कोणी असे विचारले तर आपल्यालाही ते उत्तर खात्रीने देता यावे, यासाठी आपला एवढा वेळ घेतला.